एक मूल आणि एक रकाना : पेण-रोह्यातून पाहिलेला स्वमग्नतेचा इतिहास

पेण आणि रोहा म्हटलं की इतिहासाच्या व्याख्यानात काय काय यायला हवं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा, रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, पेणचे गणपती, रोह्याची कुंडलिका. आज यांपैकी कशावरही आम्ही बोलणार नाही. आजचा विषय आहे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि तिच्या जोडीने त्याच मुलात नांदणाऱ्या इतर अवस्था. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आम्ही जुने कायदे, जुन्या नोंदी आणि जुनी पुस्तकं वाचणारी माणसं. पण या विषयात आजच्या कितीतरी अडचणींची मुळं दवाखान्यात कमी आणि कागदात जास्त सापडतात, म्हणून इतिहासवाल्यांनी इथे तोंड घालायला हरकत नसावी.

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत पेण आणि रोहा या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या साडेतीन लाखांहून अधिक भरली. साडेतीन लाखांना १२७ ने भागा. उत्तर येतं सुमारे २,७५०. हा नुसता भागाकार आहे, इथे कोणी घरोघरी जाऊन केलेली मोजणी नाही. पण हा आकडा डोक्यात ठेवून २०११ चा जनगणनेचा तक्ता उघडला, तर त्यात इथले स्वमग्न लोक किती दिसतात? एकही नाही. कारण त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते: दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर आणि बहुविकलांगता. स्वमग्नतेला रकानाच नव्हता. मग ही माणसं गेली कुठे? काही 'मतिमंद' या रकान्यात गेली, काही 'वाचा'मध्ये, काही 'इतर'मध्ये, आणि पुष्कळ जण कुठेच गेली नाहीत.

आजच्या व्याख्यानाचं सूत्र इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे मुलाला त्याच्यात जे आहे त्यावरून नाव मिळालं नाही. त्या त्या काळात जो रकाना उपलब्ध होता, त्यावरून मिळालं. आणि रकाना एका वेळी एकच भरायचा, अशी आपल्या सगळ्या व्यवस्थेची सवय पडली. मुलाचं शरीर मात्र एका वेळी एकच अडचण घेऊन येत नाही. या दोन गोष्टींच्या फटीत मुलं कशी सापडली, ते आता बघू.

रकाने येण्याआधी काय होतं? शब्द होते, आणि भरपूर होते. खुळा, घुम्या, अर्धवट, वेडा. आपल्या आगरी बोलीत 'येरा'. यातला 'घुम्या' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. कोणाशी न बोलणारा, आपल्यातच असणारा माणूस. लोकांनी निरीक्षण केलं होतं, त्याला शब्दही दिला होता, फक्त त्यामागे काही कारण असेल, मदत असेल, असं मानलं नव्हतं. दुसरीकडे फेफरं आणि आकडी हे शब्द वेगळे होते. म्हणजे झटके येणं ही वेगळी गोष्ट आहे, हे आपल्या आजी-पणजीला कळत होतं. एकाच घरातल्या एकाच मुलाला दोन्ही शब्द लावले जात: 'घुम्या आहे आणि त्याला फेफरंही येतं.' गंमत बघा, बोलीभाषेत दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. त्या एकत्र मांडायला शास्त्राला आणि सरकारला पुढे कितीतरी वर्षं लागली.

अर्थात जुना काळ काही सोन्याचा नव्हता. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवायची, भगताकडे न्यायचं, बाहेरचं लागलं म्हणून अंगारा लावायचा, हे सगळं होतंच. आणि मागच्या शतकातल्या कुठल्या खुळ्या ठरवलेल्या माणसाला आज आपण बसल्या जागी 'तो स्वमग्न होता' असं म्हणूही नये. इतिहासात असं निदान करता येत नाही. त्याच्याबद्दल लोक काय म्हणत, एवढंच आपल्याला सांगता येतं.

आता पहिला सरकारी रकाना बघा. १९१२ चा भारतीय लुनसी कायदा. या कायद्यात वेड्याची व्याख्या अशी होती की जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूस आणि मनाचं संतुलन बिघडलेला माणूस हे दोघे एकाच शब्दाखाली यावेत. आपल्या भागाला सर्वांत जवळचं मोठं मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचं, १९०१ सालचं. एखादं मूल घरात आवरेनासं झालं, तर कायद्याला ठाऊक असलेलं दार ते एकच. हा कायदा मोडीत निघून १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ साली लागू झाला, तेव्हा त्यात उलटा फेरफार झाला: मतिमंदत्व हे मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळलं गेलं. ते योग्यच होतं. पण बुद्धीची अडचणही आहे आणि चिंतेचा, नैराश्याचा आजारही आहे, अशा माणसाचं काय? कागदावर दोन वेगळे रकाने झाले आणि त्यांच्यामध्ये भिंत आली.

आता जरा लांबचा प्रवास करू, कारण 'ऑटिझम' हा शब्द तिकडून आला. स्वित्झर्लंडमधल्या युजेन ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर तो घडवला, पण वेगळ्या अर्थाने: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं आपल्या कोषात जाणं. ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः. आपला 'स्वमग्नता' हा शब्द त्याचंच मराठी रूप, आणि त्यामुळे त्यातली अडचणही आपल्याकडे आली. 'मग्न' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे मूल स्वतःत खूश आहे, त्याला दुसऱ्याची गरज नाही. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी मुलांना माणसं हवी असतात. जवळ यायची त्यांची रीत वेगळी असते, आणि आजूबाजूचा आवाज, उजेड, गर्दी त्यांना सोसत नाही. शब्द रुळला आहे, आम्हीही तोच वापरतो. पण शब्दाने सांगितलेलं सगळं खरं मानायचं नाही.

मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी १९२५-२६ च्या सुमारास अशा मुलांची बारीक वर्णनं प्रसिद्ध केली होती, पण जगाचं लक्ष गेलं ते १९४३ साली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवर एक निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी आपला निबंध लिहिला. कॅनरच्या निबंधातली एक गोष्ट पुढच्या अनेकांनी दुर्लक्षित केली. त्या ११ पैकी सहा मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्या-पिण्याच्या गंभीर अडचणी होत्या, आणि कॅनरने ते नोंदवलं होतं. म्हणजे पहिल्याच निबंधात स्वमग्नतेच्या शेजारी दुसरी अडचण बसलेली आहे. पुढे पाठ्यपुस्तकांनी 'एकटेपणा' आणि 'तेच ते करण्याचा हट्ट' एवढं उचललं, आणि पोट मागे राहिलं.

त्या ११ पैकी पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. १९३३ चा जन्म, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना ३३ पानांचं पत्र लिहिलं होतं, मुलाच्या एकेका सवयीचं टिपण. हा डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता होती, बँकेत घराण्याचा शब्द चालत होता, हे विसरून चालणार नाही. पण दोन पत्रकारांनी त्याचा शोध घेतला तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: गाव त्याला ओळखत होतं आणि सांभाळून घेत होतं. पेण काय, रोहा काय, अशाच मापाची गावं आहेत. बाजारपेठेतून मुलगा एकटा चालला तर चार दुकानदारांना ठाऊक असतं की हा कोणाचा. ही आपली जमेची बाजू आहे. तिची दुसरी बाजूही आहे, चार दुकानदारांना ठाऊक असतं म्हणून आई-बाप मुलाला घराबाहेर काढत नाहीत.

ते का काढत नाहीत, त्यालाही इतिहास आहे. कॅनरच्याच लिखाणात आई-वडिलांच्या थंडपणाचा उल्लेख आला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं पाश्चात्त्य जगात आईला दोषी धरलं गेलं. प्रेम न देणारी, बर्फासारखी आई म्हणून मूल असं झालं, असा सिद्धांत. त्याविरुद्ध १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या वडिलांनी पुस्तक लिहिलं. १९७७ साली सुझन फोलस्टिन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत तशी एकही नव्हती. अनुवांशिकतेचा हात आहे हे दिसलं आणि आईवरचा तो आरोप शास्त्रात हळूहळू मागे पडला.

शास्त्रात पडला, घरात पडला का? आपल्याकडे हाच आरोप वेगळ्या वेषात आहे. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली होती का? डोहाळे कोणी पुरवले नाहीत का? सासरी न विचारता माहेरी गेली होतीस का? आणि आता नवीन: मोबाइल हातात देऊन बसवलंस म्हणून झालं. पडद्यासमोर तासन् तास बसल्याने लहान मुलाच्या बोलण्याचं नुकसान होतं, त्यावर नियंत्रण हवंच. पण स्वमग्नता मोबाइलने होत नाही. १९४३ साली कुठे होते मोबाइल? आईला हे ऐकवणाऱ्या प्रत्येक माणसामुळे ती दवाखान्यात जायला सहा महिने उशीर करते, एवढं लक्षात ठेवा.

आता परत महाराष्ट्रात येऊ. कॅनरच्या निबंधानंतर एकाच वर्षाने, १९४४ साली मुंबईत होरमसजी आणि जेरबाई वकील या दांपत्याने शाळा सुरू केली, कारण त्यांच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा नव्हती. हीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. १९७२ साली मिठू अलुर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ च्या सुमारास 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं. यात एक धागा दिसतो का तुम्हाला? बहुतेक ठिकाणी मुळाशी एखादी आई, एखादे वडील आहेत, आणि ज्या अडचणीचं मूल घरात, त्या अडचणीची शाळा उभी राहिली. पहिल्या पिढीला दुसरा मार्गच नव्हता. सरकारने अनुदानाचे नियम केले तेव्हा महाराष्ट्रात विशेष शाळांचे चार ठोकळ प्रकार पडले: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद. स्वमग्न मूल यातल्या कुठल्या दारात उभं राहणार? बहुधा चौथ्या. ऐकू येत असूनही बोलत नाही म्हणून कधी दुसऱ्या.

आणि ही सगळी दारं मुंबई-पुण्यात. आपल्याकडे रेल्वे रोह्यापर्यंत पोचली ती १९८६ साली. त्याआधी पेणहून परळच्या वाडिया रुग्णालयात मूल दाखवायचं म्हणजे एसटीने पनवेल, तिथून पुढे मुंबई, आणि परळ-लालबागला गिरणीत असलेल्या नातेवाइकाच्या खोलीवर मुक्काम. किती घरांना परवडलं असेल? ज्यांना नाही परवडलं, त्यांची मुलं ओटीवर वाढली. पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्टने विशेष मुलांची शाळा आणि मोठ्या मुलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण उभं केलं, त्यांचं काम रोह्यापर्यंत गेलं, तेव्हा कुठे 'इथल्या इथे' हा शब्द पालकांना वापरता आला. अशा संस्थांचं महत्त्व मुंबईच्या अंतरावरून मोजायला हवं.

आता कायद्याचा भाग. थोडा कोरडा आहे, पण इथेच खरी गोम आहे. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, त्यात सात प्रकार होते. स्वमग्नता नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा आला, त्यात चार अवस्था आल्या: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. कायद्यात नाव पहिल्यांदा आलं. पण एसटीची सवलत, शिष्यवृत्ती, नोकरी यांसाठी लागणारं प्रमाणपत्र १९९५ च्या कायद्यावर चालायचं. मग पालकांनी काय करायचं? अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मुलाला मतिमंद लिहून घ्यायचं. बुद्ध्यंक चाचणी व्हायची. न बोलणारं, नजर न देणारं, टेबलावरून उठून पळणारं मूल त्या चाचणीत किती गुण मिळवणार? कमीच. आणि तो कागद पुढे आयुष्यभर बरोबर.

२००९ साली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने स्वमग्नता मोजण्याची भारतीय मापनश्रेणी तयार केली, ४० मुद्द्यांची. ती वापरून प्रमाणपत्र द्यायच्या केंद्राच्या सूचना २०१६ साली निघाल्या. त्याच वर्षअखेर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातचे २१ प्रकार झाले. स्वमग्नतेला स्वतःचा रकाना मिळाला, अध्ययन अक्षमतेला मिळाला, आणि 'एकाहून अधिक' असाही रकाना आला. आता हिशेब करा. १९९० साली रोह्यात जन्मलेला मुलगा २०१७ साली २७ वर्षांचा होता. त्याचं बालपण, शाळा, सगळं चुकीच्या नावाखाली संपलं होतं. आज तो पस्तिशीत आहे. स्वमग्नतेवरची शिबिरं बघा, सगळी लहान मुलांसाठी. या पिढीसाठी कोणी शिबिर घेतं का?

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ: एकत्र नांदणाऱ्या अवस्था. २०१८ साली भारतातल्या पाच ठिकाणी, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे आठातल्या एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण दिसली: ऐकण्याची, बोलण्याची, झटक्यांची, बुद्धीची, स्वमग्नतेची, शिकण्याची. आणि अशा मुलांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात एकाहून अधिक अडचणी होत्या. स्वमग्न लोकांत तर हे प्रमाण फारच वाढतं. झटके, अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, झोप न लागणं, बद्धकोष्ठ, भीती आणि चिंता, वाढत्या वयात नैराश्य. झटके तर काहींना अगदी लहानपणी सुरू होतात आणि काहींना वयात येताना.

मग डॉक्टरांनी हे आधी का सांगितलं नाही? कारण त्यांच्या पुस्तकातही रकान्याचा नियम होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची जी निदान-नियमावली आपल्याकडेही वापरतात, तिच्या १९९४ च्या आवृत्तीत स्वमग्नतेचं निदान झालं की त्याच मुलाला अतिचंचलतेचं निदान द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. २०१३ च्या आवृत्तीत ती अट काढली. म्हणजे जवळजवळ १९ वर्षं शास्त्राने 'हे किंवा ते' असं सांगितलं, आणि पालक म्हणत राहिले, 'अहो, पण याच्यात दोन्ही दिसतंय.' पालकांचं निरीक्षण बरोबर होतं.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. समजा, १४ वर्षांचा मुलगा आहे, बोलत नाही. आठ दिवसांपासून डोकं भिंतीवर आपटतोय. घरचे म्हणतात, याचं असंच असतं. शेजारी म्हणतात, वय वाढलं, आता आवरणार नाही. कोणीतरी झोपेची गोळी सुचवतं. आणि शेवटी दाताच्या डॉक्टरने तोंड उघडून बघितल्यावर कळतं, दाढ किडली आहे, पू झालाय. किंवा मुलगी वर्गात मधूनच दहा-पंधरा सेकंद शून्यात बघते, सगळे म्हणतात स्वमग्न आहे ना, म्हणून. तो मेंदूतला झटका असू शकतो, आणि त्यावर औषध आहे. एकदा एक नाव चिकटलं की पुढचं प्रत्येक दुखणं त्या नावाच्या खाती जमा होतं. जीवाला धोका आहे तो इथे. स्वमग्नता औषधाने जाणारी गोष्ट नाही, ती माणसाची घडण आहे. पण तिच्या शेजारचे झटके, दातदुखी, पोटदुखी, चिंता यांवर उपाय आहेत. उपाय होण्यासारख्या गोष्टी उपायाविना राहतात, कारण आपण दुसरा रकाना उघडतच नाही.

आता हे सगळं पेण-रोह्याच्या दिनमानात बसवून बघू. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या शेजारच्या पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, त्यांच्या यादीत स्वमग्नता, अतिचंचलता, झटके यांच्याकडे बघणं आहे. योजना चांगली आहे. पण आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात पथक वाडीवर आलं, तर मूल कुठे आहे? आणि स्वमग्नता अशी आहे की ती पाच मिनिटांत, अनोळखी माणसाला दिसत नाही. तिला वेळ द्यावा लागतो. म्हणून पावसाळ्यात, कुटुंबं घरी असताना तपासणी व्हावी, ही मागणी आपण ग्रामसभेत करू शकतो. यात जादा पैसा लागत नाही, तारीख बदलावी लागते.

दुसरं, आपले सण. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, ढोल-ताशे, माणसांचा पूर. ज्याच्या कानाला कुकरची शिट्टी सहन होत नाही, त्याला हे कसं होत असेल? पण याचा अर्थ त्याला पालखी बघायची नाही, असा नाही. कानावर आवाज कमी करणारे हेडफोन, गर्दीच्या आधी पहाटे दर्शन, दारासमोरून पालखी जाताना दोन मिनिटं ढोल थांबवणं. ज्या गावात पालखी घरोघरी थांबते, त्या गावाला हे अवघड नाही.

तिसरं, काम. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कामाची पायरी ठरलेली असते: साच्यातून काढणं, घासून गुळगुळीत करणं, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. तोच क्रम, रोज. सगळ्याच स्वमग्न माणसांना असं काम आवडतं, असं नाही. कोणाला रंगाचा वास सोसणार नाही, कोणाला ओल्या मातीचा स्पर्श नको वाटेल, तिसऱ्याला कॉम्प्रेसरचा आवाज. आणि झटके येत असतील तर धारदार हत्यारं आणि उंचावरची कामं टाळावी लागतात. म्हणजे काम देतानाही सगळे रकाने बघावे लागतात. पण बघून दिलं, तर आपल्याच गावच्या धंद्यात यातल्या काही जणांना जागा होऊ शकते, तीही दयेवर नाही, मजुरीवर.

शेवटी, थोडी व्यवहाराची गोष्ट. नवीन कायद्याच्या २१ प्रकारांत एपिलेप्सी आणि एडीएचडी ही नावं नाहीत. म्हणजे रकान्यांची गोष्ट अजून संपलेली नाही. म्हणून एक वही करा. डोनाल्डच्या वडिलांसारखं ३३ पानी पत्र नको, साधी शंभर पानी वही. झोप किती, शौचाला कधी, झटका आला तर किती वेळ, तेव्हा डोळे कुठे वळले, कशाने चिडला, कशाने शांत झाला. जमलं तर झटक्याचं मोबाइलवर चित्रण. डॉक्टरांसमोर वही ठेवा आणि विचारा, 'स्वमग्नता सोडून आणखी काय असू शकतं?' हा एक प्रश्न विचारायचा धीर धरा. घरात मोठा मुलगा किंवा मुलगी असेल आणि कागदावर जुनं मतिमंदत्व लिहिलं असेल, तर पुन्हा तपासणीसाठी अर्ज करा. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते, तिथे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच कायद्याखालची निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे, तिची चौकशी करा.

आणि आपल्या सगळ्यांसाठी एक. आता २०२७ ची जनगणना येते आहे. दारात येणारे बहुधा आपलेच गुरुजी किंवा बाई असतील. घरात असा कोणी असेल तर लाजेने 'तसं काही नाही' म्हणू नका. जे जे आहे ते सगळं सांगा, त्यांच्या कागदावर त्याला रकाना असो वा नसो. शेजारच्या ओटीवर कोणी बसलेलं असेल आणि घरचे गप्प असतील, तर आधी त्यांच्याकडे चहाला जा, मग हा विषय काढा. २,७५० हा आमचा भागाकार आहे. खरा आकडा तुम्हीच भरून द्यायचा आहे.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांनी चिठ्ठी पाठवली तरी चालेल, आणि मागे जी मुलं उठून फिरताहेत त्यांना कोणी बसवू नका, फिरू द्या.